टर्मिनलवर आर चालवण्याचा माझा अनुभव

डेटाची फाईल एवढी मोठी होती की लॅपटॉपच्या मेमरीत मावेचना, आणि आर, म्हणजे आकडेवारीच्या कामाची प्रोग्रामिंग भाषा, तर सगळा डेटा रॅममध्येच घेतं, त्यामुळे लिनक्स सर्व्हरवर काम करणं भाग होतं. तिथे माऊस नाही, मेनू नाही, एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर नेटवरून टर्मिनल उघडून देणाऱ्या प्रोग्रामने लॉगिन करायचं, कॅपिटल आर टाईप करून एंटर मारायचं आणि समोर प्रॉम्प्ट, म्हणजे कमांडची वाट बघणारं चिन्ह, येतो तिथे एकेक कमांड द्यायची, बस.

पण आर उघडायच्या आधी टीमक्स, म्हणजे सर्व्हरवर टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्राम, चालू करा, हे मी प्रत्येक नवीन माणसाला पहिलं सांगते. कारण नुसत्या एसएसएचमध्ये कनेक्शन तुटलं की आत चाललेलं आरसुद्धा जातं, मग मॉडेल तासभर चाललेलं असो नाहीतर अख्खी रात्र. टीमक्सच्या आत असेल तर ते सर्व्हरवर चालूच राहतं, कंट्रोल बी आणि मग डी दाबून बाहेर पडायचं, नंतर टीमक्स अटॅच केलं की सगळं जसंच्या तसं समोर.

सुरुवातीला लोक अडतात ते अधिकच्या चिन्हापाशी. कंस किंवा अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की प्रॉम्प्टच्या जागी अधिकचं चिन्ह येतं, कितीही एंटर मारा ते जात नाही, कारण आर उरलेल्या वाक्याची वाट बघत असतं. कंट्रोल सी दाबा, सुटाल.

आता खरी मजा. डेटा आत घेतल्यावर समरी कमांड (ती प्रत्येक कॉलमचं किमान, कमाल, सरासरी दाखवते) दिली तर वयाच्या कॉलममध्ये मॅक्झिमम 999! म्हणजे जिथे वय माहीत नाही तिथे कोणीतरी 999 भरून ठेवलेलं, आणि सरासरी त्यामुळे भलतीच वर गेलेली. ते सगळे एनए, म्हणजे आरमधली 'माहिती नाही' ही खूण, केले, परत समरी बघितली, मग पुढचा कॉलम. सगळ्या कमांड एका फाईलमध्ये लिहून ती स्क्रिप्ट सरळ चालवली असती तर उत्तर आलंच असतं, फक्त चुकीचं. म्हणून मला हे एक विचारा, उत्तर बघा, मग पुढचं विचारा असं काम फार आवडतं. आर ज्याच्यावरून आलं ती एस भाषा 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी सुरू केली ती याचसाठी, दरवेळी फोरट्रान या जुन्या भाषेतला प्रोग्राम लिहीत न बसता डेटाशी थेट बोलता यावं म्हणून.

ग्राफचं काय? एसएसएचला एक्स फॉरवर्डिंग लावता येतं, म्हणजे सर्व्हरवरची ग्राफची खिडकी आपल्या स्क्रीनवर उघडते, पण नेट स्लो असेल तर खिडकी उघडेपर्यंत जीव जातो. मी पीएनजी फाईलमध्ये काढते, शेवटी डेव्ह डॉट ऑफ ही फाईल बंद करायची कमांड द्यायचीच, नाहीतर फाईल अर्धवट राहते, आणि मग एससीपीने, म्हणजे एसएसएचवरून फाईल कॉपी करणाऱ्या कमांडने, आपल्याकडे आणायची. नुसता अंदाज हवा असेल तर स्टेम फंक्शन आहे, ते आकड्यांचं वितरण टर्मिनलवरच अक्षरांत काढून दाखवतं.

बाहेर पडताना आर विचारतं वर्कस्पेस, म्हणजे आत्ता मेमरीत असलेले सगळे ऑब्जेक्ट, सेव्ह करू का, मी नेहमी एन म्हणते. वाय म्हटलं तर डॉट आरडेटा नावाची लपलेली फाईल बनते, फाईलींची यादी दाखवणाऱ्या साध्या एलएस कमांडमध्ये दिसतही नाही, आणि पुढच्या वेळी त्याच फोल्डरमध्ये आर उघडलं की जुने ऑब्जेक्ट आपोआप परत येतात. त्यापेक्षा सेव्ह हिस्टरीने कमांड फाईलमध्ये घ्या, नको त्या ओळी काढा आणि उरलेली स्क्रिप्ट आरस्क्रिप्ट या फाईल चालवणाऱ्या कमांडने कोऱ्या सेशनमध्ये एकदा पूर्ण चालवून बघा, तेच आकडे आले तरच रिपोर्टमध्ये घाला.