शंभर पिल्लं, शंभर तऱ्हा : आमची वाटचाल

२०१७ च्या दिवाळीनंतर करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी, म्हशी विकून रिकाम्या झालेल्या गोठ्यात ५०० पिल्लं आणून सोडली. तोच आमच्या धंद्याचा मुहूर्त. हिशेब साधा होता. हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवणी केंद्रातून, एक दिवसाची गावरान-सुधारित पिल्लं आणायची, २८ दिवस सांभाळायची, लसी पूर्ण करायच्या आणि परसात कोंबड्या पाळणाऱ्या बायकांना विकायची. पिल्लं दगावतात ती मुख्यतः पहिल्या महिन्यात. ती जोखीम आपण घ्यायची आणि तिचेच पैसे मिळवायचे.

पहिल्याच बॅचला गारगोटीकडच्या एका बचत गटाच्या ताईंनी पाटी खाली ठेवून विचारलं, "दादा, ही एका घाण्यातली दिसत न्हाईत की. थोरली-धाकटी कालवून दिलाय व्हय आम्हाला?"

उत्तर नव्हतं. एक पिल्लू ओंजळीत मावत नव्हतं आणि त्याच्याच शेजारचं चिमणीएवढं. मी हॅचरीवाल्याशी फोनवर कडाकडा भांडलो. तो म्हणाला, पिल्लं चांगली होती, तुमचं शेड बघा. अर्थातच मला ते पटलं नाही.

गावातल्याच एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांना दुसऱ्या बॅचला बोलावलं. ते म्हणाले, "दिवसा कशाला? रात्री दोनला येतो." आले ते कानटोपी घालून. पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. मी सगळे बल्ब दाराच्या बाजूला लावले होते, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती. काकांनी थर्मामीटर टांगला. बल्बाखाली ९५ फॅरनहाइट, उसाच्या फडाकडच्या भिंतीशी ८० सुद्धा नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब धरता येत नाही. गारठलेलं पिल्लू खाण्याकडे जातच नाही. त्यांनी भिंतीकडची दहा पिल्लं उचलून गळ्याखालची पिशवी चाचपायला लावली. सहा रिकामी. एकाची टणक, म्हणजे कोरडं खाल्लंय, पाणी सापडलेलं नाही. भरल्या पोटाची पिशवी लापशीसारखी मऊ लागते, हे त्या रात्री बोटांना कळलं. पिल्लं आली की संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी पन्नास पिशव्या चाचपायच्या, हा नियम अजून चालू आहे.

पण हॅचरीवालाही अगदी धुतल्या तांदळासारखा नव्हता. पिल्लाचं वजन अंड्याच्या साधारण दोन तृतीयांश भरतं. नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची अंडी लहान, त्यांची पिल्लंही लहान. दोन वयांच्या कळपांची अंडी एकाच मशीनला लावली की पेटीतच थोरली-धाकटी आली. शिवाय २१ दिवस म्हणतात, पण सगळी पिल्लं काही एका ठोक्याला फुटत नाहीत. पहिलं आणि शेवटचं यात दिवसभराहून जास्त अंतर पडतं. आधी फुटलेलं पिल्लू पाण्यावाचून ताटकळतं. पोटातल्या बलकावर ते दोनेक दिवस काढतं खरं, पण पाय सुकतात. म्हणून आता आम्ही अंडी एकाच कळपाची आहेत का ते विचारून घेतो. पिल्लं उतरल्या उतरल्या गुळाचं पाणी देतो. कोल्हापुरात राहून साखर कशाला पाजायची!

बेंबी ओली-काळी असलेलं पिल्लू आता पेटीतूनच बाजूला काढतो. गुदद्वाराला पांढरी विष्ठा चिकटलेली दिसली तर कोमट पाण्यानं पुसतो. तशी बरीच दिसली तर मात्र पुसत बसत नाही, डॉक्टरांना बोलावतो.

मग काटा घेतला. ग्रॅममध्ये दाखवणारा. दुकानदारानं विचारलं, "गुजरीत, सोनारांच्या पेठेत, दुकान टाकताय काय?" दर आठवड्याला शंभर पिल्लं तोलतो. सरासरीच्या दहा टक्के खाली-वर किती बसतात ते मोजतो. ८० बसली तर बॅच चांगली. पहिल्यांदा तोललं तेव्हा ५३ भरली होती. ती वही आईनं जपून ठेवलीय, मला दाखवायला.

मागं पडलेल्यांसाठी वेगळं चिकगार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं गोल कुंपण, केलं. त्याला घरात 'बालवाडी' म्हणतात. तिथं ऊब दोन अंश जास्त, भांडी बुटकी आणि दांडगी पोरं नाहीत. बरीचशी पिल्लं आठ-दहा दिवसांत सावरतात. इथं माझी एक चूक सांगतो. २०१८ ला चौथ्या आठवड्यात हलकी म्हणून साठ पिल्लं मी कमी दरात काढली. टवटवीत होती, फक्त वजन कमी. बहुतेक सगळ्या तलंगा, म्हणजे माद्या, निघाल्या. नर त्या वयात पुढं जातोच. घेणाऱ्यानं पुढं अंडी खाल्ली आणि मला एकदा डझनभर पाठवलीही. लहान म्हणजे रोगी नव्हे, हे मला बारा अंड्यांनी शिकवलं. उलट पंख लोंबलेलं, डोळे मिटून उभं राहणारं, विष्ठेत न पचलेला मका टाकणारं पिल्लू वजनात बरं असलं तरी बालवाडीत ठेवत नाही. ते पूर्ण वेगळं.

२०१९ च्या महापुरात शेडमध्ये गुडघाभर पाणी आलं. २०२० च्या मार्चमध्ये कोंबडीनं कोरोना होतो या अफवेनं पिल्लं फुकट कोणी घेईना. २०२१ ला पुन्हा पूर. यावर जास्त लिहीत नाही. शेड आता माळावर आहे.

लसींचं वेळापत्रक बसलंय : मरेक्स हॅचरीतूनच, पाच ते सात दिवसांत लासोटा (मानमोडीची लस), दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो. लासोटा थेंबानं डोळ्यात घालतो. पाण्यातून दिली तर दांडगं पिल्लू भरपूर पितं आणि बारकं कोरडंच राहतं, म्हणजे तिथंही थोरली-धाकटी.

राहिला प्रश्न पावसाचा. खाली अंथरलेला तूस ओला झाला की तिसऱ्या आठवड्यात रक्ताची हगवण ठरलेली, आणि तिच्यातून वाचलेली पिल्लं पुन्हा मागं. आषाढात म्हाईसाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जेवणासाठी, कोंबड्या लागतात, म्हणून गिऱ्हाईक त्याच्या बऱ्याच आधी पिल्लं मागतं. त्यामुळे आम्ही जूननंतर निम्मीच बॅच घेतो. गारगोटीच्या ताई यावर नाराज आहेत. यंदा त्या चाळीस पिल्लं मागतायत, मी पंचवीस म्हणालोय. बोलणी चालू आहेत.