काळा पाषाण, लाल गेरू आणि एक तिरपा बोअर

नोकरीतली माझी पहिली साइट म्हणजे नगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडे एका डोंगरी नाल्यावरचा लघु पाटबंधारे तलाव. मी हजर झालो तेव्हा सर्वेक्षण उरकलं होतं, बुडीत क्षेत्राची मोजणी झाली होती, मातीचे नमुने प्रयोगशाळेत गेले होते. पायाची तपासणी तेवढी बाकी होती, आणि असं काम नव्या माणसाच्या गळ्यात घालायची रीतच आहे. ‘नाल्यात काळा पाषाण उघडाच पडलाय, चार बोअर घ्या आणि अहवाल लावून टाका,’ असं वरून सांगण्यात आलं.

पाषाण उघडा होता हे खरं. पण हा सगळा मुलूख साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एक थर ओतला गेला, थंड झाला, कधी कधी पुढचा थर येईपर्यंत बराच काळ गेला आणि मधे लाल गेरूचा पट्टा तयार झाला. त्यामुळे पायाखाली दिसणारा खडक आणखी पाच मीटर खाली तोच असेल असं धरून चालता येत नाही.

आमची भिंत मातीची. पंचवीस मीटर उंचीच्या भरावाचं वजन पायावर पडतं ते चौरस सेंटिमीटरला साधारण 5 किलो. चांगला काळा बेसाल्ट याच्या शेकडो पट भार सोसतो. तेव्हा पाया खचेल का, ही आमची काळजी नव्हती. पाणी भिंतीखालून कुठून वाट काढेल, ही होती.

बोअरिंगचं मशीन लागलं आणि माझी खरी शिकवणी सुरू झाली ती ड्रिलरकडे. हा माणूस कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारा खडकाचा दांडीसारखा नमुना, बाहेर यायच्या आधीच खालचा खडक सांगायचा. बोअरमधून परत येणाऱ्या पाण्यावर त्याची नजर असे. पाणी राखाडी येतंय तोवर तो बिडी ओढत बसायचा. पाणी लाल झालं की उठायचा, “साहेब, गेरू लागला, खोली लिहा.” आणि पाणी वर यायचंच थांबलं की, “पळालं पाणी. चीर आहे खाली.” ही खोली त्याच क्षणी वहीत लिहिली नाही तर नंतर कुणाला आठवत नाही, दैनिक नोंदवहीत ‘पाणी गेले’ हा रकाना बहुतेक साइटवर कोराच असतो, हे मी पुढे अनेक ठिकाणी पाहिलं.

कोअर लाकडी खोक्यांत ओळीने लावून ठेवला आणि भूवैज्ञानिक मॅडम तपासायला आल्या. मला अभिमान होता तो काळ्याभोर, वाजवला तर खणखणणाऱ्या पाषाणाचा. त्याच्याखाली लागलेला खडक फिका, तांबूस-करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे राहून जी भोकं पडली ती पुढे झिओलाइटसारख्या खनिजांनी भरून गेली, त्याचे ते ठिपके. दिसायला मवाळच. मॅडमनी आधी माझ्या काळ्या पाषाणाचे तुकडे उचलले. एकही वीतभर लांब नव्हता, आणि तुटलेल्या तोंडांवर तपकिरी गंजासारखा डाग. “हा डाग बघितलात? इथून पाणी येऊन-जाऊन झालंय.” मग ठिपकेवाल्या खडकाकडे वळल्या. तो हातभर लांब, सलग, कुठे सांधा नाही. “तुमची भिंत याच्यावर टेकवायची,” त्या म्हणाल्या.

गावातल्या एका आबांनी आयुष्यभर विहिरी खोदलेल्या. त्यांना हे सांगितलं तर ते हसलेच. “पाषाणाला चिरा असत्यात, पाणी चिरंतनं येतं. त्या ठिपक्याच्या दगडात ईर घेतली तर कोरडी जाती.” विहिरीला जो खडक नको तोच धरणाला हवा. दख्खनच्या पठारावर पाया पाहणाऱ्याने याच्यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

मग पाणी मुरण्याची चाचणी. स्विस भूवैज्ञानिक मोरिस लुजॉन यांनी 1933 मध्ये ही पद्धत मांडली. बोअरचा एक टप्पा रबरी पॅकर फुगवून बंद करायचा, आत दाबाने पाणी सोडायचं आणि ते किती मुरतं ते मीटरवर वाचायचं. चौरस सेंटिमीटरला 10 किलो दाब असताना मीटरभर लांबीत मिनिटाला 1 लिटर पाणी गेलं तर तो एक लुजॉन. उथळ बोअरमध्ये एवढा दाब देत नाहीत, खडकच उचलला जातो. तिथे कमी दाबाचं वाचन घेऊन हिशोब मांडायचा. दाब टप्प्याटप्प्याने चढवायचा आणि त्याच टप्प्यांनी उतरवायचा. उतरवण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण गंमत उतरतानाच कळते: चढताना जेवढं पाणी जात होतं त्याहून जास्त उतरताना जाऊ लागलं, तर चिरेतली माती धुऊन निघाली आहे. आमच्या उजव्या तीरावर नेमकं हेच झालं.

तरीही माझं समाधान होत नव्हतं ते नाल्याच्या पात्राबाबत. नाला तिथे काठीने आखल्यासारखा सरळ वाहत होता. सरळ नाला दिसला की खाली भेगांचा उभा पट्टा असण्याची शंका घ्यावी, असं मॅडम बोलून गेल्या होत्या. आता भेग उभी आणि बोअरही उभा, तर दोघांची गाठ पडणार कशी? तीरावरून नाल्याखाली जाणारा एक तिरपा बोअर हवा होता. अंदाजपत्रकात तिरप्या बोअरचा दरच नव्हता. दर नाही म्हणून मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणून दर मागवायचे नाहीत, असं कागदी चक्र बराच काळ फिरत राहिलं. शेवटी मी टिपणात तांत्रिक भाषा सोडून दिली आणि एवढंच लिहिलं की काम चालू असताना पट्टा सापडला तर वाढीव खर्चाचा प्रस्ताव कुणाच्या सहीने जाईल ते आत्ताच ठरवावं. मंजुरी आली.

तिरप्या बोअरमध्ये पात्राच्या मध्याखाली कोअर जवळजवळ मिळालाच नाही, नुसता चुरा आणि लालसर माती. पट्टा होता.

पावसाळ्यानंतर सीओटी, म्हणजे पाणी अडवायला भिंतीखाली खणतात तो चर, उघडला तेव्हा तो पट्टा डोळ्यांनी दिसला. पट्ट्यातला भुसभुशीत माल खोल खणून काढला, त्यात काँक्रीट भरलं, दोन्ही बाजूंनी सिमेंटचं ग्राउटिंग केलं, म्हणजे चिरांत दाबाने सिमेंटची लापशी भरली. यावर ठेकेदाराने फारशी कुरकुर केली नाही. कुरकुर झाली ती बाकीच्या चराच्या तळाशी सांधे हवा-पाण्याच्या झोताने धुऊन त्यांत सिमेंटची लापशी ओतायला सांगितलं तेव्हा. “एवढ्या बारीक चिरांनी काय होतंय साहेब?” त्याला मी अमेरिकेतल्या इडाहो राज्यातल्या टीटन धरणाची हकिकत सांगितली. तेही मातीचंच, पायाला ज्वालामुखीचाच, भेगाळलेला खडक, उंची 93 मीटर. पहिल्यांदाच भरत असताना 5 जून 1976 रोजी ते फुटलं, 11 माणसं गेली. चरातल्या नीट न बुजवलेल्या चिरांमधून पाणी शिरलं आणि गाभ्याची माती वाहून गेली, हे चौकशीत पुढे आलेलं एक मुख्य कारण. ठेकेदार इडाहोने फारसा हलला नाही. पानशेत म्हटल्यावर मात्र गप्प झाला. 12 जुलै 1961 त्याच्या घरात सांगितली जात असे. पानशेतचं कारण वेगळं होतं, पायातल्या चिरांचा तिथे संबंध नव्हता, पण ते मी त्या दिवशी सांगत बसलो नाही.

ठिपकेवाल्या खडकाचा एक अवगुणही इथेच कळला. काही ठिकाणी उघडा पडला की उन्हा-वाऱ्याने त्याचा भुगा होऊ लागतो. म्हणून शेवटचा फूटभर थर मुद्दाम न खणता ठेवायचा, आणि काळी माती भरायच्या आधी काढायचा. त्यानंतर मॅडमनी पाया मंजूर केल्याची सही करायची आणि लगेच भराव सुरू करायचा. पहिला थर थोडा जास्त ओलसर, म्हणजे खडकाच्या खाचाखोचांत नीट बसतो. सही आणि भराव यांत सुट्टी आली की पुन्हा खरवडणं आलंच.

तलाव भरला त्या वर्षी पायथ्याच्या चरीतलं झिरपतं पाणी आम्ही व्ही-नॉचवर, म्हणजे प्रवाह मोजायच्या व्ही आकाराच्या खाचेवर, रोज मोजलं. पाणी किती येतं याच्याइतकंच ते गढूळ येतं का, हे पाहायचं असतं. ते स्वच्छ राहिलं. त्रास दिला तो सांडव्याने. त्याच्या खालच्या बाजूला दोन थरांमधला गेरू उघडा पडला होता, भिंतीखाली नाही म्हणून त्याकडे कुणी फार पाहिलं नव्हतं. पहिल्याच मोठ्या पुरात तो पट्टा आतून कोरला गेला आणि वरचा पाषाण मोठमोठ्या धोंड्यांनी सुटून खाली आला. गेरूवर काँक्रीटचं अस्तर आणि खाली अडवणीची भिंत, असं सुधारित अंदाजपत्रक मी बदलीच्या आधी पाठवलं. या वेळी त्यात तिरप्या बोअरचा दरही घातला होता.