विसराळू खेळाडूची बॅग

खो-खोच्या साखळीत एकदाही न चुकणारं लेकरू पाण्याची बाटली मात्र रोज ग्राउंडवर सोडून येतं. आईवडिलांना वाटतं, याला फिकीरच नाही. तसं नसतं. खेळात पाठीवर हात पडतो, ‘खो’ ऐकू येतो आणि पाय आपोआप सुटतात. बाटली उचलायला खो कोणी देत नाही. ठरलेलं काम ठरल्या वेळी आपण होऊन आठवणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम असतं आणि तो भाग पुरता तयार व्हायला वयाची पंचविशी उजाडते. बारा वर्षांच्या पोराकडून ते जमत नसेल तर त्यात नवल काही नाही.

घराघरात मग आईच खो देत बसते. ‘बाटली घेतली का? मोजे घेतले का? डबा?’ तेवढ्यापुरतं काम होतं, पण आई नसते तिथं लेकराला काहीच आठवत नाही. म्हणून आठवण माणसाकडून काढून जागेकडं आणि आकड्याकडं द्यायची.

आकडा पाच ठेवावा, एका हाताच्या बोटांवर मावेल एवढा. बूट; मोजे आणि नी-कॅप ठेवायची छोटी कापडी पिशवी; नॅपकिन; बाटली; डबा. टी-शर्ट अंगावरच असतो. मोजे आणि नी-कॅप सुटे ठेवले की चार नग होतात आणि त्यातला एक हमखास हरवतो, म्हणून पिशवी हवीच. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवल्या की जोडी फुटत नाही. बॅगेच्या झाकणाला आतून पाच वस्तूंचा कागद चिकटवा, तोही लेकराच्याच अक्षरातला. आपण लिहिलेला कागद ते वाचत नाही.

बॅग रात्रीच भरायची. पहाटे पाचला अर्धवट झोपेत, लाईट गेलेली, मोजे गच्चीवरच्या दोरीवर, अशा वेळी कोणाच्याही हातून विसरतंच. आपल्याकडं आणखी एक अडचण असते: उन्हाळ्यात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं कालचं किट धुतलेलं असेलच असं नाही. मोजे आणि टी-शर्टचे किमान दोन जोड, जमलं तर तीन ठेवा. भरलेली बॅग दाराजवळच्या एकाच खिळ्याला लावायची. आज सोफ्यावर, उद्या पलंगाखाली असं चालणार नाही.

खरी गळती मात्र घरात होत नाही, ती परतताना होते. सराव संपला की लेकरू दमलेलं असतं, भुकेलेलं असतं, मित्र निघालेले असतात. नॅपकिन कट्ट्यावर, बाटली नळापाशी, नी-कॅप खांबाच्या बुडाशी पडलेली असते. इथं एकच नियम कडक ठेवावा: अंगावरून उतरलेली वस्तू जमिनीवर ठेवायची नाही, थेट बॅगेत टाकायची. पाणी पिऊन झालं की बाटलीही बॅगेतच. सरांना विनंती करा की शेवटच्या शिट्टीनंतर सगळ्यांनी बॅगेपाशी उभं राहून बोटांवर पाच मोजायचे आणि मगच निघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि सगळा संघच मोजत असला की एकट्या लेकराला लाज वाटत नाही.

नावाचंही सांगतो. स्टीलच्या बाटलीवर मार्करनं लिहिलेलं नाव घामानं आणि घासण्यानं जातं. भांड्याच्या दुकानात डबा-बाटली घेतानाच नाव कोरून मागा. नॅपकिनच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचे चार टाके घाला. बुटांवर नाव जिभेच्या आतल्या बाजूला लिहा.

सुरुवातीचे दोन आठवडे बॅग दोघांनी मिळून भरावी. पुढचे दोन आठवडे नुसतं शेजारी उभं राहावं. त्यानंतर वस्तूंची नावं न घेता एवढंच विचारायचं, ‘पाच झाले का?’ मग तेही बंद. घडी विसकटली तर ओरडू नका, एक पायरी मागं या. परीक्षेच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती विसकटतेच.

नी-कॅप घरी राहिली तर ती घेऊन गाडीवर मागं धावू नका. त्या दिवशी सूर मारायचा सराव नाही, बाकीचा करायचा, हे सरांशी आधीच ठरवून ठेवा. पण काही गोष्टींवर असा धडा द्यायचा नसतो. चाळीसच्या वर पारा असताना लेकरू बिनपाण्याचं ठेवायचं नाही. एक जादा बाटली सरांकडं असूच द्या. दम्याचा पंप असेल तर एक बॅगेत आणि एक सरांपाशी.

कागदपत्रांचंही तसंच. शालेय स्पर्धेला आधार, जन्मदाखला, बोनाफाईड, फोटो लागतात आणि एका कागदापायी नाव कटू शकतं. मूळ प्रती घरी, झेरॉक्सची फाईल सरांकडं, फोटो आपल्या मोबाईलमध्ये. प्रमाणपत्रं पारदर्शक कव्हरात जपा, लॅमिनेशन करू नका. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी हीच लागतात.

सारिका काळे धाराशिवच्या, 2020 साली त्यांना खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. स्टीपलचेस म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीचे अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. ही नावं लेकरापुढं अभिमानानं घ्या. पण बाटली हरवल्यावर ‘ते बघ आणि तू बघ’ म्हणून घेऊ नका, त्यानं फक्त ग्राउंडवर जायची भीती बसते.

झोपेकडं मात्र फार कमी घरांत लक्ष असतं. सहा ते बारा या वयात नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचला उठायचं तर बारा वर्षांचं लेकरू रात्री आठला झोपलेलं हवं, आणि घरोघरी जेवणंच नऊला होतात. ते बदलता येत नसेल तर संध्याकाळची बॅच बघा. कमी झोपलेल्या मुलाला कितीही कागद चिकटवले तरी उपयोग होत नाही.

हे सगळं नेटानं करूनही फरक पडत नसेल, शाळा आणि घर दोन्हीकडं सहा महिन्यांहून जास्त काळ तीच तक्रार असेल आणि ती बारा वर्षांच्या आधीपासूनची असेल, तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याच्या त्रासाची, तपासणी करून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. मूल खेळतं हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथिलफेनिडेट हे औषध स्पर्धेच्या काळात उत्तेजक म्हणून बंदी असलेल्या यादीत आहे. वरच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलाला ते घ्यायचं असेल तर उपचारासाठीची सूट रीतसर मागावी लागते. चिठ्ठीची आणि तपासणी अहवालाची एक प्रत स्पर्धेच्या फाईलमध्ये लावून ठेवा. औषध मनानं बंद करू नका आणि सरांपासून लपवूही नका.