खाडीकाठच्या पूरसूचना यंत्रणेचे जीवनचक्र बेतताना

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावासाठी पूरसूचना यंत्रणा उभारण्याचे काम आमच्या छोट्या कंपनीकडे डिसेंबर महिन्यात आले आणि प्रणाली अभियंता या नात्याने प्रकल्पाचा आराखडा लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाल्यापासून अशा यंत्रणेची निकड आमच्या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. घाटपायथ्याशी दोन पर्जन्यमापक, नदीवर पाण्याची पातळी मोजणारी दोन केंद्रे, खाडीतल्या जेटीवर एक केंद्र, तीन वाड्यांमध्ये भोंगे आणि या सर्वांची मोजमापे एकत्र पाहून इशारा ठरवणारी संगणकप्रणाली, एवढा तो आवाका होता. मी आधीच्या एका पंपघराच्या स्वयंचलनाचा आराखडा उघडला, गरजा, रचना, उभारणी, चाचणी आणि हस्तांतरण हे त्यातले टप्पे जसेच्या तसे ठेवले आणि तारखा बदलल्या. जीवनचक्राचे प्रारूप, म्हणजे गरजांपासून मोडीत काढण्यापर्यंतचे टप्पे कोणत्या क्रमाने घ्यायचे याचा साचा, निवडण्यासाठी मी वेगळा वेळ दिलाच नाही, आणि पुढच्या अडचणी तिथूनच सुरू झाल्या.

पंपघरासाठी तो आराखडा योग्य होता, कारण पंप कोणत्याही दिवशी चालवून पाहता येतो. नदीचे तसे नाही. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पात्रात उतरून चौथरा बांधायचा, खांब उभा करायचा, केबल पुरायची, ही कामे दिवाळीपासून मे अखेरपर्यंतच करता येतात, आणि यंत्रणा खरोखर चालते का याचा पुरावा मात्र उरलेल्या चार महिन्यांतच मिळू शकतो. माझ्या आराखड्यात चाचणीचा टप्पा मे महिन्यात होता. नदीत गुडघाभर पाणी असताना आम्ही पूरसूचना यंत्रणेची स्वीकृती चाचणी घेतली, ती यशस्वी झाल्याच्या कागदावर सह्या झाल्या आणि १ जूनला भोंगे जोडले गेले.

ज्येष्ठातल्या अमावास्येच्या मध्यरात्री खालच्या वाडीतला भोंगा वाजला. मी त्या आठवड्यात गावातच मुक्कामाला होते. बाहेर आले तेव्हा लोक विजेऱ्या घेऊन अंगणात उभे होते, एका घरातून म्हाताऱ्या बाईंना उचलून वरच्या रस्त्याकडे नेत होते, आणि आभाळ कोरडे होते. साकवाजवळच्या, म्हणजे नदीवरच्या छोट्या पुलाजवळच्या, केंद्राने धोक्याची पातळी ओलांडल्याचे कळवले होते आणि ते मोजमाप बरोबर होते. मी पायऱ्यांवर उभी राहून पाणी पाहत असताना एक वयस्क मच्छीमार शेजारी येऊन म्हणाले, "ताई, हे उधाणाचं पाणी. नदी आता हातभर चढलेली असते, त्यावर अमावास्येची भरती आली की पाणी या पायरीला लागतंच. तासाभरात उतरेल बघा." पाणी तासाभरात उतरले. पुढच्या रात्री भोंगा पुन्हा वाजला, तेव्हा निम्मेच लोक बाहेर आले. तिसऱ्या रात्री आम्ही तो स्वतःहून बंद ठेवला, कारण खरा पूर येईल त्या दिवशी भोंग्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही तर यंत्रणा नसण्यापेक्षा ते अधिक घातक ठरले असते.

मे महिन्यातली आमची चाचणी अष्टमीच्या सुमारास झाली होती, म्हणजे भांगाच्या भरतीला, जेव्हा खाडीचे पाणी सर्वांत कमी चढते. त्या वेळी नदीलाही प्रवाह नव्हता. मच्छीमार आजोबांना जे ठाऊक होते ते आमच्या गरजांच्या दस्तऐवजात कुठेच नव्हते. मात्र डिसेंबरात आणखी दहा बैठका घेतल्या असत्या तरी त्यातले अर्धेच हाती आले असते, असे मला आजही वाटते. जेटीवर भरती पूर्ण झाल्यानंतर साकवापाशी पाणी चढायला किती वेळ लागतो आणि नदीला पूर असताना तो किती बदलतो, हे त्या जागी, भर पावसात, काही उधाणे मोजल्याशिवाय कोणीही सांगू शकत नव्हते.

त्या पावसाळ्यात मी जे काम सुरुवातीला करायला हवे होते ते करायला बसले. प्रणाली अभियांत्रिकीच्या जीवनचक्र प्रक्रियांचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणजे आयएसओ/आयईसी/आयईईई १५२८८. त्याची पहिली आवृत्ती २००२ ची आणि सध्याची २०२३ ची. त्यात चार गटांत मिळून ३० प्रक्रिया दिल्या आहेत, पण कोणतेही एक जीवनचक्र प्रारूप ते लादत नाही. प्रारूप निवडणे आणि प्रक्रिया आपल्या प्रकल्पाच्या अंगाला बेतून घेणे हे काम ते प्रकल्पावर सोपवते आणि ते कसे करावे यासाठी एक स्वतंत्र परिशिष्ट देते. त्या परिशिष्टाची सुरुवात परिस्थितीची नोंद करण्यापासून होते: वापराची जागा किती स्थिर आहे, प्रणाली किती नवी आणि किती गुंतागुंतीची आहे, वापर केव्हा सुरू व्हायचा आहे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे का, पैसा आणि माणसे किती आहेत. ज्यांच्यावर परिणाम होणार आहे त्यांचे म्हणणे घ्यावे, असेही त्यात स्पष्ट आहे. माझ्या पहिल्या आराखड्यात यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते.

एकेरी, एकामागून एक टप्प्यांच्या ज्या प्रारूपाला आपण वॉटरफॉल म्हणतो, त्याचे मूळ विन्स्टन रॉयस यांच्या १९७० च्या निबंधात दाखवले जाते. त्याच निबंधात रॉयस यांनी ही साधी एकेरी मांडणी धोक्याची असल्याचे लिहिले आहे आणि नवीन प्रणाली असेल तर ती आधी एकदा छोट्या स्वरूपात करून पाहण्याचा सल्ला दिला आहे. बॅरी बोहम यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या सर्पिल प्रारूपात प्रत्येक फेरीची दिशा उरलेल्या जोखमीवरून ठरते. फोर्सबर्ग आणि मूझ यांच्या १९९१ च्या मांडणीतून रुजलेले व्ही प्रारूप डाव्या बाजूच्या प्रत्येक निर्णयासमोर उजव्या बाजूला त्याची पडताळणी उभी करते. यापैकी सर्वांत चांगले कोणते, हा प्रश्न मी सोडून दिला. यंत्रणेचा प्रत्येक भाग समोर घेऊन मी दोनच गोष्टी विचारू लागले: हा निर्णय चुकला तर परत फिरायला काय पडते, आणि तो चुकला आहे हे आपल्याला वर्षाच्या कोणत्या महिन्यात कळेल?

या दोन प्रश्नांनी यंत्रणेचे आपोआप दोन भाग पडले. चिऱ्याचे चौथरे, खांब, भोंग्यांच्या जागा आणि वीजपुरवठा यांत एकदा चूक झाली की दुरुस्तीला पुढची दिवाळी उजाडते. त्यांच्यासाठी व्ही प्रारूप, टप्प्याअखेरीच्या कडक आढाव्यासह, आम्ही ठेवले. सौर पॅनेलचा हिशोब या आढाव्यातच पुन्हा तपासला गेला. पहिल्या वर्षी आम्ही बॅटरी तीन ढगाळ दिवस पुरावी असे धरले होते, आणि आषाढात सलग आठवडाभर सूर्य न दिसल्यावर वरचे पर्जन्यमापक केंद्र बंद पडले होते. नवी गरज दहा दिवसांची लिहिली आणि त्यासमोर चाचणीही लिहिली: पॅनेल झाकून केंद्र दहा दिवस चालवून दाखवायचे. ही चाचणी कार्यशाळेत फेब्रुवारीतही घेता येते, तिच्यासाठी पावसाची वाट पाहावी लागत नाही.

इशाऱ्याचे नियम मात्र दुसऱ्या प्रकारचे होते. ते संगणकात असतात, एका दिवसात बदलता येतात, पण ते बरोबर आहेत का हे पावसाळ्यातच कळते. त्यांच्यासाठी आम्ही छोट्या फेऱ्यांचे प्रारूप घेतले आणि फेरीची लांबी पंधरवड्याची ठेवली. हा कालावधी मी सॉफ्टवेअरच्या प्रघातावरून घेतलेला नव्हता. अमावास्या ते पौर्णिमा एवढ्या काळात एक उधाण आणि एक भांग दोन्ही येऊन जातात, त्यामुळे प्रत्येक फेरीत नियमाला दोन्ही प्रकारच्या भरतीतून जावे लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांवरून अपेक्षित भरती घ्यायची, जेटीवरच्या मोजमापाशी ती ताडून पाहायची, साकवाच्या पातळीतून भरतीचा वाटा वजा करायचा आणि उरलेली वाढ वरच्या पावसाशी जुळते का ते पाहायचे, असा नियम पाच फेऱ्यांत आकाराला आला. या सर्व काळात यंत्रणा मूकपणे चालवली. इशारा फक्त आमच्या आणि ग्रामपंचायतीने नेमलेल्या तिघांच्या फोनवर येई आणि ते तिघे पायऱ्यांवर जाऊन खरे पाणी पाहून उत्तर देत. त्यांपैकी एक ते मच्छीमार आजोबा होते.

बेतताना काय काढले हेही लिहायला हवे. घाऊक उत्पादनाचा टप्पा काढला, कारण एकच यंत्रणा उभारायची होती. पुरवठादार निवडीची औपचारिक प्रक्रिया दोन पानांवर आणली. प्रत्येक काटछाटीसमोर कारण आणि सही असा तक्ता केला. संरचना व्यवस्थापन, म्हणजे कोणत्या केंद्रावर कोणती आवृत्ती आहे याची काटेकोर नोंद, एवढ्या लहान प्रकल्पाला जड होईल म्हणून मी तेही काढले होते. तिसऱ्या फेरीत वरच्या वाडीच्या भोंग्यावर जुनाच नियम राहिल्याचे एका सहकाऱ्याच्या लक्षात आले. मूक काळ होता म्हणून निभावले. त्या दिवशी मी तक्त्यातली ती ओळ खोडली आणि प्रक्रिया परत आणली. फेऱ्यांचे प्रारूप घेतले की नियम वरचेवर बदलणार, आणि नियम वरचेवर बदलणार असतील तर ही नोंद अधिक लागते, हा संबंध मला आधी दिसला नव्हता. एका प्रक्रियेला कात्री लावताना निवडलेल्या प्रारूपाला ती कुठे आधार देत होती हे पाहावे लागते.

निवृत्तीचा टप्पाही मी सुरुवातीला गाळला होता. यंत्रणा अजून उभीच राहिलेली नसताना ती मोडीत काढण्याचा विचार कशाला, असे बैठकीत सर्वांनाच वाटले होते. पण शिशाच्या बॅटऱ्या काही वर्षांत बदलाव्या लागणार, आणि जुन्या बॅटऱ्या पऱ्याकाठी पडून राहिल्या तर ते विष भाताच्या खाचरांत उतरणार. ग्रामपंचायतीच्या सदस्य असलेल्या एका शेतकरी ताईंनी हा प्रश्न विचारला आणि तो टप्पा परत आला, जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची अट खरेदीच्या करारात घालून.

सर्वांत अवघड गेले ते कंत्राट. काम देणाऱ्या कार्यालयाचे हप्ते एकेरी टप्प्यांना बांधलेले होते, आणि "नियम फेऱ्याफेऱ्यांनी सुधारत जाईल" या वाक्यावर कोणताही लेखापाल पैसे सोडणार नाही; त्यांच्या जागी मीही सोडले नसते. तीन बैठकांनंतर एक तोड निघाली. शेवटचा हप्ता मेच्या चाचणीवरून काढून सप्टेंबरअखेरच्या आढाव्यावर नेला आणि स्वीकृतीची कसोटी आकड्यांत लिहिली: मूक काळातल्या प्रत्येक उधाणाला खोटा इशारा शून्य आणि तिघा निरीक्षकांनी नोंदवलेल्या प्रत्येक खऱ्या वाढीला किमान दोन तास आधी सूचना. आमच्या कंपनीला चार महिने पैशांवाचून काढावे लागले. हा भार लहान कंपनीला सोपा नसतो, त्यामुळे प्रारूप ठरवताना तो सुरुवातीलाच मांडावा असे मी आता प्रत्येक प्रस्तावात सुचवते.

दुसऱ्या पावसाळ्यात ऑगस्टच्या पौर्णिमेला दुपारी उधाण होते आणि वर घाटात सकाळपासून पाऊस कोसळत होता. साकवाची पातळी धोक्याच्या रेषेच्या अजून बरीच खाली असताना यंत्रणेने भरतीचा वाटा वगळून वाढ ओळखली आणि आमच्या फोनवर इशारा आला. आजोबांचे उत्तर पाच मिनिटांत आले: "हे नदीचं पाणी आहे, गढूळ आहे, भोंगा लावा." पाणी खालच्या वाडीच्या अंगणांत शिरायला त्यानंतर सव्वादोन तास लागले, आणि तोवर गुरे आणि माणसे वरच्या शाळेत पोचली होती. सप्टेंबरअखेरच्या आढाव्यात भोंगे कायमचे जोडण्याचा निर्णय झाला. तिघा निरीक्षकांची भूमिका मात्र आम्ही जीवनचक्राच्या वापर टप्प्यात कायम ठेवली आणि दर पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात त्यांच्यासोबत पायऱ्यांवर बसून नियमांची पानन्पान उजळणी करण्याचे काम देखभालीच्या वेळापत्रकात लिहिले.