तुम्ही विचारलंत म्हणून : ती व्हायोलिनं नाहीतच

मूडी ब्लूज या ब्रिटिश रॉक बँडचा १९६७ चा अल्बम ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ आता जुनाट वाटतो का, हे इतक्यांदा विचारून झालंय की एकदाच लिहून टाकतो. वाटतो. पण तुम्ही ज्यावर बोट ठेवता त्यामुळे नाही.

तक्रार ठरलेली : व्हायोलिनं फार गोडगोड. पण अल्बममधल्या ‘नाइट्स इन व्हाइट सॅटिन’ या गाण्याच्या कडव्यांमागे वाजतं ते बँडच्या माइक पिंडरचं मेलोट्रॉन आहे, म्हणजे टेपवर आधीच ध्वनिमुद्रित केलेले सूर वाजवणारं पट्ट्यांचं वाद्य. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा स्वतंत्र तुकडा असतो. पट्टी दाबली की टेप फिरत्या दांड्याला टेकून ती वाचणाऱ्या हेडवरून ओढली जाते, साधारण आठ सेकंदांत संपते आणि पट्टी सोडल्यावर स्प्रिंग तिला मागे खेचते. म्हणजे सूर हवा तितका धरून ठेवता येत नाही, आणि बऱ्याच पट्ट्या एकदम दाबल्या तर मोटरवर ताण येऊन सूर किंचित उतरतो. ती थरथर आजही ताजी आहे. जुनाट झालेत ते संगीत-संयोजक पीटर नाइटने गाण्यांच्या अधेमधे बांधलेले खऱ्या वाद्यवृंदाचे दुवे. बँड आणि वाद्यवृंद बहुतेक आळीपाळीनेच वाजतात, आणि हे दुवे थेट सिनेमाच्या पार्श्वसंगीतात जाऊन बसतात.

पण त्याआधी, तुमची प्रत कुठली? मूळ स्टीरिओ मास्टर टेप खराब झाल्यामुळे १९७८ मध्ये अल्बम मल्टिट्रॅकवरून, म्हणजे वाद्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर उतरवलेल्या मूळ टेपवरून, पुन्हा मिक्स केला गेला. खरी गोची इथे आहे. बँडचा आवाज उतरवत वाद्यवृंदाचा चढवायचा, हे काम मिक्सिंगच्या टेबलावर हातांनी होतं. मल्टिट्रॅकवर त्याचा मागमूस नसतो. त्यामुळे १९६७ चे सांधे जसेच्या तसे परत मिळणं शक्यच नव्हतं. नंतर वर्षानुवर्षं सीडीवर फिरला तो हाच नवा मिक्स. म्हणजे ‘सांधे ठिगळासारखे वाटतात’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांनी मूळ सांधे ऐकलेलेच नाहीत. २०१७ च्या पन्नाशीच्या संचात मूळ स्टीरिओ मिक्स आहे. तो घ्या, मग भांडू.

‘दुवे गाळा, नुसती गाणी ऐका’ असं मीही सांगत असे. तो सल्ला मागे घेतो. सुरुवातीला पिंडर जी कविता वाचतो, तिच्याच ओळी अगदी शेवटी परत येतात. गाळागाळ केलीत तर ते परतणं कळणारच नाही. तरीही ‘द डे बिगिन्स’ या पहिल्या तुकड्याची जवळपास सहा मिनिटं लांबतात, हे म्हणणं मी सोडलेलं नाही.