जंतू मारला की ॲसिडिटी जाईल का?

एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘एच. पायलोरी पॉझिटिव्ह’, म्हणजे जठरात राहणारा या नावाचा जंतू सापडला, असं छापून आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे ॲसिडिटीचं मूळ सापडलं ना? औषधांचा कोर्स झाला की घशाशी आंबट येणं बंद? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगायचं. जंतू मारायचाच, पण जळजळ जाईल या आशेवर नाही.

घोळ आपल्या बोलण्यापासूनच सुरू होतो. उपाशीपोटी दुखलं तरी पित्त, जेवून पोट फुगलं तरी पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त. यातल्या दोनच गोष्टी इथे बघू. एक, जठराला किंवा त्यापुढच्या लहान आतड्याच्या सुरुवातीला पडणारा व्रण, म्हणजे अल्सर. दुसरी, जठरातलं आम्ल उलटं अन्ननलिकेत चढणं, म्हणजे रिफ्लक्स. पहिलीत हा जंतू मुख्य आरोपी आहे. 1982 साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी तो वाढवून दाखवला, 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं, आणि जन्मभर पथ्य करायला लावणारा अल्सर दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सनी बरा होऊ लागला. रिफ्लक्सकडूनही लोक तीच अपेक्षा धरतात, पण त्यात बिघाड असतो तो अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या झडपेचा. ती अवेळी सैल पडते, पोटाच्या घेरामुळे खालून दाब येतो, कुणाचा जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलेला असतो. बहुतेकांचं आम्ल मोजलं तर नेहमीइतकंच भरतं. अँटिबायोटिकनं झडप घट्ट होत नाही.

मग जंतू आणि रिफ्लक्स एकाच माणसात कसे सापडतात? कारण भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू आहे. तो बहुधा लहानपणीच घरातून लागतो आणि औषध दिलं नाही तर सहसा मरेपर्यंत सोबत करतो. रिफ्लक्सच्या कुठल्याही रुग्णाला तपासलं तरी तो निघण्याची शक्यता चांगलीच आहे.

खरी गंमत पुढे आहे. हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो आणि त्या आडोशानं आम्लात तग धरतो. तो जठराच्या शेवटच्या, आतड्याकडच्या भागात जास्त असेल, तर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढतं, आम्ल जास्त सुटतं आणि आतड्याच्या सुरुवातीला व्रण पडतो. तो जठराच्या मधल्या मोठ्या भागात पसरला, तर आम्ल बनवणाऱ्या पेशीच हळूहळू झिजतात, आम्ल घटतं आणि रिफ्लक्स उलट कमी होतो! 1997 साली जर्मनीतल्या एका अभ्यासात अल्सरच्या ज्या रुग्णांचा जंतू गेला, त्यांच्यापैकी सुमारे 26 टक्क्यांना तीन वर्षांत अन्ननलिकेचा दाह झाला. ज्यांचा राहिला, त्यांच्यात सुमारे 13 टक्क्यांना. त्यावरून ‘मारू नका, वाढेल’ अशी भीती पसरली. पुढच्या अभ्यासांत ती सरसकट खरी ठरली नाही. रिफ्लक्सच्या भीतीनं उपचार टाळू नयेत, हेच आजचं मत आहे आणि आम्हालाही ते पटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1994 मध्येच या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलंय. शिवाय रिफ्लक्ससाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल, तर जंतू जठराच्या मधल्या भागाकडे सरकतो आणि तिथली झीज वाढते. दीर्घकाळ गोळी लागणाऱ्यानं म्हणूनच तपासून घ्यावं.

तपासणीत सर्वात जास्त चुका होतात. रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेलं प्रथिन, जंतू गेल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे उपचारानंतर तिचा उपयोग नाही. शौचातलं अँटिजेन, म्हणजे जंतूचे स्वतःचे अंश, शोधणारी किंवा श्वासाची चाचणी घ्यावी. श्वासाच्या चाचणीत रिकाम्या पोटी एक फुंकर, मग साधारण 75 मिलिग्रॅम कार्बन-13 युक्त युरिया पाण्यातून, अर्ध्या तासानं दुसरी फुंकर. आधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी ती गोळी आणि चार आठवडे अँटिबायोटिक व बिस्मथ बंद हवं, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. मधल्या काळात जळजळलं तर साधं अँटासिड चालतं.

कोर्स 14 दिवसांचा असतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला आपल्याकडचे बरेच जंतू दाद देत नाहीत. म्हणून चार औषधांचा कोर्स बरा: आम्ल कमी करणारी गोळी दोनदा, बिस्मथ चारदा, टेट्रासायक्लिन 500 मिलिग्रॅम चारदा, आणि मेट्रोनिडाझोल 400 ते 500 मिलिग्रॅम तीन-चारदा. हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं, मेडिकलवाल्याला विचारून नव्हे. गरोदर बाई आणि लहान मुलांना टेट्रासायक्लिन देत नाहीत. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसोबत ते घेतलं तर अंगाला लागत नाही. मेट्रोनिडाझोलनं तोंड कडवट, धातूसारखं होतं आणि सहाव्या-सातव्या दिवशी लोक कंटाळून सोडतात. उरलेले जंतू मग त्या औषधाला पुरून उरतात. मेट्रोनिडाझोलसोबत दारू नको. कोर्स संपल्यावर निदान चार आठवडे थांबून पुन्हा श्वासाची किंवा शौचाची चाचणी करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

जंतू गेल्यावर ‘आधी 40 मिलिग्रॅमची एक गोळी पुरायची, आता पुरत नाही’ अशी तक्रार कानावर येते. जंतू असताना त्याचा अमोनिया आणि झिजलेलं जठर गोळीला हातभार लावत होते, तो हात निघून गेला. आणि महिनोन्‌महिने चाललेली गोळी एकदम थांबवली तर आम्ल काही आठवडे उसळतं. त्याला जंतू परत आला असं समजू नका.

रिफ्लक्सचा इलाज वेगळाच. गोळी नाश्त्याआधी अर्धा ते एक तास घ्या. जेवून झोपताना घेतलेली निम्मी वाया जाते असं समजा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून 15 ते 20 सेंटिमीटर उंची द्या. नुसत्या उशा रचल्या तर माणूस कमरेत वाकतो आणि पोटावर दाब वाढतो. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा, डाव्या कुशीवर झोपा, पोटाचा घेर कमी करा. थंड दूध घटकाभर बरं वाटतं, मग आम्ल पुन्हा सुटतं.

बिस्मथनं शौच काळी होते, घाबरू नका. पण बिस्मथ किंवा लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखी चिकट, काळी शौच झाली, घास अडकू लागला, कारण नसताना वजन उतरलं किंवा उलटीत रक्त दिसलं, तर जंतूच्या रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर गाठा. उलटीत रक्त किंवा डांबरी शौच असेल तर त्याच दिवशी.