अनंत चतुर्दशीच्या रात्रीचा एक मथळा

28 सप्टेंबर 2023. अनंत चतुर्दशी. त्या दिवशी पेठेतल्या आमच्या कचेरीत पोहोचायचं तर गाडी नदीपलीकडे लावायची आणि ढोल-ताशा कानावर घेत चालत यायचं. मी वर्तमानपत्राचं विदेश पान बघते. एजन्सीच्या इंग्रजी कॉपीतून शे-दीडशे बातम्या चाळायच्या, सात घ्यायच्या, आणि रात्री साडेदहाला जाहिरात आली की त्यातल्या चार काढायच्या. कोणती काढायची हे ठरवणं हेच खरं काम.

दुपारी स्क्रीनवर चार ओळींचं ‘अर्जंट’ पडलं. अझरबैजानच्या हद्दीतल्या, पण आर्मेनियन वस्तीच्या नागोर्नो-काराबाखमधल्या आर्मेनियन प्रजासत्ताकाचे अध्यक्ष साम्वेल शाहरामान्यान यांनी हुकूम काढला होता. प्रजासत्ताकाच्या सगळ्या सरकारी संस्था 1 जानेवारी 2024 पर्यंत विसर्जित होणार होत्या. मी ते दोनदा वाचलं. सरकारं पडतात, विधानसभा विसर्जित होतात. पण बत्तीस वर्षं स्वतःला देश म्हणवणाऱ्या प्रदेशाने एका सहीने स्वतःला मिटवणं मी त्याआधी कधी मराठीत लिहिलं नव्हतं.

हे सगळं गणपतीच्या दहा दिवसांत घडलं. चतुर्थीला, 19 तारखेला, अझरबैजानचा हल्ला. ऋषिपंचमीला काराबाखची शस्त्रं खाली. 25 तारखेला राजधानी स्टेपनाकर्तजवळ इंधनाच्या साठ्याचा स्फोट. निघून जायला पेट्रोल हवं म्हणून रांगेत उभी असलेली माणसं होरपळली, आणि मृतांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. 28च्या सकाळी आर्मेनियात पोहोचलेल्यांची संख्या 65 हजारांवर होती, संध्याकाळी ती 70 हजारांपलीकडे गेली. प्रत्येक नव्या कॉपीबरोबर मी आकडा बदलत होते. एकूण लोकसंख्याच लाख-सव्वा लाख. येत्या काही दिवसांत तिथे एकही आर्मेनियन उरणार नाही, असं आर्मेनियाचे पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनी त्याच दिवशी मंत्रिमंडळात सांगितलं होतं.

आणि या दहा दिवसांत आमच्या पानावर काय होतं? कॅनडा. ट्रुडो यांच्या आरोपांपासून रोज कॅनडाच. त्या रात्रीही वॉशिंग्टनमध्ये जयशंकर-ब्लिंकन भेट होती, तिच्यासाठी वरची जागा राखून ठेवलेली. पहिल्या पानावर विसर्जन मिरवणूक आणि एम. एस. स्वामिनाथन यांचं निधन. दगडूशेठ त्या वर्षी प्रथमच दुपारी चारला मिरवणुकीत निघाला, म्हणून तर सगळा शहर विभाग रस्त्यावर. काराबाखला मिळाला एक सिंगल कॉलम.

नावांचं दुखणं बाहेरच्यांना कळत नाही. त्या भूमीला आर्मेनियन लोक आर्ट्साख म्हणतात, जग नागोर्नो-काराबाख म्हणतं. राजधानी आर्मेनियनांची स्टेपनाकर्त, अझरबैजानची खानकेंडी. बाहेर जाणारा एकच रस्ता, तो लाचिन, त्यालाच बेर्दझोर. म्हणजे नाव लिहिलं की बाजू घेतली. माझ्या टेबलामागच्या पार्टिशनवर मी अशा नावांची यादी चिकटवून ठेवली आहे; त्यात मी ‘स्टेपनाकर्त’ लिहून कंसात ‘खानकेंडी’ दिलं होतं, कारण तिथे राहणारे लोक गावाला जे म्हणतात ते आधी यावं असं मला वाटतं. शिवाय एजन्सी ‘फुटीरतावादी’ लिहिते. मराठीत तो शब्द आला की वाचकाच्या डोळ्यांपुढे काश्मीर उभं राहतं आणि पुढची बातमी तो त्याच चष्म्यातून वाचतो. मी तो कधीच वापरत नाही. यावरून माझे एका सहकाऱ्याशी दोनदा खटके उडाले आहेत, आणि आजही मला माझंच बरोबर वाटतं.

मथळ्यात आठ-नऊ अक्षरांची एक ओळ, अशा तीन ओळी. ‘नागोर्नो-काराबाख’ एवढ्यातच एक ओळ संपते. मी ‘काराबाख रिकामे, प्रजासत्ताकाचा शेवट’ असं काहीतरी जुळवत होते. ‘बरखास्त’ नको होतं, कारण बरखास्त दुसरा करतो. इथे दुसऱ्यानेच केलं होतं, पण सही मात्र स्वतःची होती. तेवढ्यात मुख्य उपसंपादक मागे येऊन उभे राहिले. मथळ्याला त्यांचा हात फार चांगला आहे, हे मी मनापासून म्हणते. त्यांनी वाकून टाइप केलं : ‘काराबाखचेही विसर्जन’. मी म्हटलं, “सर, त्यातला ‘ही’ काढा. लोक घर सोडून चाललेत.” ते म्हणाले, “आजच्या दिवशी हाच मथळा वाचला जाईल.” खिडकीच्या काचा ढोलाने थरथरत होत्या. शेजारच्या स्क्रीनवर एजन्सीचा फोटो उघडा होता : वळणावळणाच्या घाटात मोटारींची रांग, टपांवर गाद्या, एका ट्रकच्या हौद्यात खुर्चीवर बसलेली आजी, मांडीवर तांब्याचं भांडं. फोटोला जागा नव्हती. पान सोडायला दहा मिनिटं उरली होती आणि मी भांडले नाही. ते पान मी तसंच जाऊ दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. आवाजावरून सत्तरीपुढचे गृहस्थ, निवृत्त शिक्षक. रागावलेले नव्हते. “ताई, विदेश पान तुम्ही बघता का? विसर्जन आपण करतो ते पुढच्या वर्षी लवकर या म्हणून. हे लोक परत येणार आहेत का?” मी नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, “देश असा स्वतःहून बंद कसा होतो?”

मी सांगायला लागले आणि लक्षात आलं, की आधीची गोष्ट आम्ही त्यांना कधी सांगितलीच नव्हती. तो देश जगाने मानलेला नव्हता, खुद्द आर्मेनियानेही त्याला औपचारिक मान्यता दिली नव्हती. 1994च्या युद्धविरामानंतर आर्मेनियन फौजांकडे काराबाखच नाही, भोवतालचे सात जिल्हेही होते. आर्मेनियाचे पहिले अध्यक्ष लेवोन तेर-पेत्रोस्यान म्हणाले, जिंकलेलं आहे तोवर तडजोड करा, पुढे वेळ आपल्या बाजूने नसेल. 1998 साली त्यांना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी काराबाखचेच रॉबर्ट कोचार्यान आले, मग सेर्झ सार्गस्यान. 2018 साली पाशिन्यान ग्युम्रीहून राजधानी येरेवानपर्यंत चालत गेले, रस्ते माणसांनी भरले आणि सार्गस्यान पायउतार झाले. पाशिन्यान मूळचे वर्तमानपत्राचे संपादक, म्हणून माझं त्यांच्याकडे सुरुवातीपासून जास्त लक्ष.

या संपादकाने 5 ऑगस्ट 2019 रोजी स्टेपनाकर्तच्या चौकात सांगितलं : आर्ट्साख म्हणजे आर्मेनिया, विषय संपला. आमच्या डेस्कवर तो दिवस 370व्या कलमाचा. ही ओळ कुणी पाहिलीही नाही. 2020चं 44 दिवसांचं युद्ध आर्मेनिया हरला. पाशिन्यान यांनी युद्ध थांबवण्याचा करार मान्य केल्याचं कळलं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच, शहर आवृत्ती छापून झालेली, आणि उजाडता बिहारची मतमोजणी, संध्याकाळी आयपीएलचा अंतिम सामना. येरेवानमध्ये जमावाने सरकारी इमारती फोडल्या, संसदेचे अध्यक्ष अरारात मिर्झोयान यांना बेदम मारलं. तेच पुढे परराष्ट्रमंत्री झाले आणि 2021च्या ऑक्टोबरात त्यांनी जयशंकर यांचं येरेवानमध्ये स्वागत केलं. भारताच्या परराष्ट्रमंत्र्याची ती पहिलीच आर्मेनिया भेट. आम्ही छापली ती फक्त भेट. ऑक्टोबर 2022मध्ये प्रागला पाशिन्यान आणि अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव यांनी, सोव्हिएत संघ फुटताना झालेल्या 1991च्या अल्मा-अता जाहीरनाम्याच्या आधारावर, एकमेकांच्या सीमा मान्य केल्या. काराबाख अझरबैजानचं, हे त्यात आलंच. आमच्याकडे तेव्हा दसऱ्याच्या दोन मेळाव्यांची धूळ बसायची होती.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे त्या पंतप्रधानाचं चुकलं का?”

फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोलले. नंतर विचार केला तो असा. 2019ची ओळ चूक होती. ती मथळ्यासारखी होती, आणि मथळा लिहिणाऱ्याला ठाऊक असतं की त्यात न मावणारा मजकूर बाहेरच राहतो. प्रागला त्यांनी जे मान्य केलं ते टाळण्याजोगं उरलं नव्हतं, असं मी मानते. रशियाच्या भरवशावर राहायची सोय संपली होती. 2022च्या सप्टेंबरात खुद्द आर्मेनियाच्या जेर्मुकवर तोफा पडल्या, तेव्हा रशियाप्रणीत संरक्षण संघटनेने फक्त पाहणी करायला माणसं पाठवली. प्रागनंतरही तेच दिसलं : लाचिनचा रस्ता डिसेंबर 2022पासून अडवलेला होता आणि रशियाचे शांतिसैनिक तिथेच होते. पण प्रागला दिलेली ती कबुली स्टेपनाकर्तच्या बाईला कोणी समजावून सांगितली का? ती तर 2019चंच वाक्य मनात धरून बसली असणार. हरल्यानंतरही 2021च्या निवडणुकीत आर्मेनियाच्या मतदारांनी पाशिन्यान यांनाच निवडलं. काराबाखच्या माणसाला मात्र त्या मतपेटीत जागा नव्हती. मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

2023च्या डिसेंबरात येरेवानला आसरा घेतलेल्या शाहरामान्यान यांच्याकडून निवेदन आलं, की तो हुकूम निरर्थक होता, प्रजासत्ताक कुठल्या कागदाने मिटत नाही. ही बातमी मी दोन कॉलमात घ्यायला लावली. काकांना फोन करावासा वाटला, पण नंबर लिहून घेतला नव्हता.

ऑगस्ट 2025मध्ये व्हाइट हाउसमध्ये पाशिन्यान आणि अलियेव यांच्या उपस्थितीत दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. पुन्हा रात्रीचे दोन, पुन्हा शहर आवृत्ती सुटलेली, सकाळी राखीपौर्णिमा. एक दिवस उशिरा मी चार कॉलमी बातमी लावली, आणि या वेळी तेर-पेत्रोस्यानपासूनची हकीकत शेजारच्या चौकटीत दिली.

गावाच्या नावासाठी पार्टिशनवरची यादी बघायला गेले तर कुणीतरी पेनाने क्रम उलटा केला होता : खानकेंडी, आणि कंसात स्टेपनाकर्त. अक्षर डेस्कवरच्या नव्या मुलाचं. त्याला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आता तिथे तेच म्हणतात ना?” मी त्याला काही बोलले नाही. यादी अजून तशीच आहे.